सप्तपर्णीच्या पानांवर गाठी, मदत हवी आहे

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या बागेत सप्तपर्णीची ४ झाडं आहेत, साधारण २५ फुटी, त्यातल्या दोनांची पानं हिरव्या गाठींनी पार भरून गेलीत. एक गाठ ब्लेडने कापली तर चीक आला आणि आत बारीक चपटं पिल्लू, म्हणजे बुरशी नाही, सिलिड (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आहे. पडलेली पानं गोळा करून टाकली, निंबोळी तेल दर १० दिवसांनी ३ वेळा मारलं, पण पिल्लू गाठीत बंद, त्याच्यापर्यंत पोचणार कसं? खाली मुलं खेळतात म्हणून जहाल औषध नको, आणि छाटणीला महापालिकेची परवानगी लागते. काही जण सरळ झाडच काढा म्हणतायत, ते मला अजिबात नकोय. नवी पालवी फुटतानाच फवारलं तर गाठी थांबतात का, आणि पुण्यात नेमकं कुठल्या महिन्यात सुरू करायचं?