लग्नातले दागिने: २४, २२ की १८ कॅरेट?

ताई, लेकीचे सगळे दागिने शुद्ध म्हणून २४ कॅरेटमध्येच घडवावेत का, असं तुम्ही विचारलंय. जळगावच्या सराफ बाजारात आमच्या घरची तीन पिढ्यांची खरेदी आहे, म्हणून कळकळीने सांगते, तसं करू नका. ते सोनं फार मऊ असतं, पाटली हातात दबते. २४ कॅरेट नाणं किंवा वेढणी म्हणून ठेवायला चांगलं.

पाटल्या, पोत, मंगळसूत्र २२ कॅरेटमध्ये करा. १० ग्रॅममध्ये ९.१६ ग्रॅम सोनं, बाकी तांबं-चांदी, म्हणून त्यावर ९१६ असतं. खड्याची अंगठी मात्र १८ कॅरेटची, म्हणजे ७५०ची घ्या. माझ्या वहिनीच्या २२ कॅरेटच्या अंगठीतला खडा भुसावळला एका लग्नात पडला. खडा धरणारे काटेच वाकले होते. किती शोधला, मिळाला नाही! तिच्या आईची आठवण होती ती.

१८ कॅरेटला भावही १८चाच लावलाय ना, हे बिलात बघा. खड्यांचं वजन वजा करून सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या, इथेच जास्त फसगत होते. हॉलमार्कमध्ये, म्हणजे शुद्धतेच्या शिक्क्यात, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, हवा. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. दुकानातच ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो टाकून बघा. चांगला सराफ रागावत नाही.

आणि सासूबाईंची जुनी पोत मोडणार असाल, तर आधी तिची शुद्धता तपासून घ्या.