'ब्लू मंडे': चार मिनिटांचं ऐकू की साडेसात?

तबकडीवेडा: मंडळी, न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडचं 'ब्लू मंडे' हे गाणं डोक्यातून जात नाहीये. शोधलं तर एक चार मिनिटांचं, एक साडेसात मिनिटांचं, वर रिमिक्सचा ढीग. कुठलं ऐकू? तबकडीही घ्यायचा विचार आहे. आणि या वळणाचं आणखी काय?

निशाचर: साडेसातवालंच, डोळे झाकून. १९८३च्या मूळ सिंगलवर तेच होतं, 'सबस्टन्स' या त्यांच्या संग्रहातही पूर्ण आहे. चार मिनिटांचं ते १९८८चं रिमिक्स, त्यात निर्माता क्विन्सी जोन्सचा हात. अहो, या गाण्यात गायक समनरचा आवाजच दोन मिनिटांनंतर येतो! तोवर ड्रम मशीनचा तो धडधडता ठोका, मग एकेक थर चढत जातो. तेच कापलं तर उरलं काय?

तारसप्तक: रिमिक्स गाडीत चालतं की. असो. हेडफोन लावून सिंथची (सिंथेसायझरची) धून नीट ऐका, ठेक्यापासून किंचित सरकलेली आहे. बँडच्या जिलियन गिल्बर्टने सिक्वेन्सरमध्ये (भरलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र) सूर हाताने भरले, एक राहून गेला. तसंच ठेवलं, आणि आता ती सरळ केलेली ऐकवणार नाही.

खडखडाट: तबकडी १२ इंचीच घ्या. डिझायनर पीटर सॅव्हिलचं कव्हर फ्लॉपी डिस्कसारखं आहे. पुढे ना बँडचं नाव ना गाण्याचं, सगळं कडेच्या रंगीत चौकोनांत. ते वाचायची किल्ली त्यांच्या 'पॉवर, करप्शन अँड लाइज' अल्बमच्या मागच्या बाजूला. पहिल्या खेपेच्या कव्हरला खरोखर कापलेली भोकं होती, आतून चंदेरी आवरण दिसायचं. पुढे नुसतं छापायला लागले. कुणी 'ओरिजिनल' म्हणून दाम लावला तर आधी कव्हरचे फोटो मागवा.

निशाचर: पुढचं ऐकायला: डोना समरचं 'आय फील लव्ह' (१९७७), सिल्व्हेस्टरचं 'यू मेक मी फील' (१९७८), क्लाइन अँड एमबीओचं 'डर्टी टॉक' (१९८२). शेवटचं आधी लावा, नातं लगेच कळेल.

पार्लेकर: आपल्या मुंबईला विसरलात? चरणजित सिंग, हिंदी सिनेमातले वादक. १९८२ साली रोलंड कंपनीच्या ३०३ (बेस सिंथ) आणि ८०८ (ड्रम मशीन) वर डिस्को ठेक्यात दहा राग वाजवले. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही, २०१०मध्ये ती तबकडी परदेशातून पुन्हा निघाली आणि लोक चाट पडले. भैरवपासून सुरुवात करा.

तबकडीवेडा: धन्यवाद! भैरव लावलाय, भारीच. 'ब्लू मंडे'च्या तबकडीच्या मागच्या बाजूचं 'द बीच' वेगळं गाणं आहे का?

खडखडाट: नाही, याचीच फिरवाफिरवी, जवळपास नुसती वाद्यं. मूळ मुरल्यावर ऐका.