अनुभव धागा : हॉलिवूडचे थरारपट आणि भयपट – विश्वास कुठे बसला, कुठे उडाला?

गेल्या सात-आठ वर्षांत आपल्यापैकी अनेकांनी हॉलिवूडचे मारधाडपट, भयपट आणि साहसपट चित्रपटगृहात पाहिले असतील आणि घरी परतताना 'बरा होता' किंवा 'पैसे वाया गेले' एवढ्यावर विषय मिटवला असेल. या धाग्यावर त्याच्या थोडे पुढे जाऊन लिहावे, अशी विनंती आहे. पूर्ण कथा सांगू नये. एखादेच दृश्य निवडावे आणि त्या दृश्यात पडद्यावरचे खरे वाटू लागले की वाटेनासे झाले, ते आपल्या शब्दांत मांडावे. सुरुवात मीच करते.

२०१८ साली 'अ क्वाएट प्लेस' पाहायला गेले, तेव्हा हा चित्रपट आवाजाविषयी आहे एवढेच ठाऊक होते. आवाज ऐकून झडप घालणारे प्राणी, वाळू पसरलेल्या वाटेवरून अनवाणी चालणारे कुटुंब आणि खुणांच्या भाषेत होणारे बोलणे. बहिऱ्या मुलीची भूमिका मिलिसेंट सिमंड्स या स्वतः बहिऱ्या असलेल्या अभिनेत्रीने केली आहे आणि तिच्या बाजूने प्रसंग दिसू लागला की ध्वनिपट्टी जवळजवळ रिकामी होते. अशा वेळी प्रेक्षागृहातील प्रत्येक कुजबुज ऐकू येते. गरोदर आई तळघराच्या जिन्यावरून उतरताना वर वळलेल्या खिळ्यावर पाय देते. तिने किंकाळी गिळली आणि पडद्यावर 'मध्यंतर' ही अक्षरे उमटली. अवघ्या दीड तासाचा, मध्यंतराचा विचारही न करता बांधलेला चित्रपट त्या चित्रपटगृहाने सुरीने कापावा तसा कापला होता. पाठोपाठ सोनेतारण कर्जाची जाहिरात आली. आता भीती गेली, असे मला वाटले, परंतु दिवे मालवल्यावर शेजारच्या आसनावरील दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे लक्ष गेले. त्याच्या मांडीवर मक्याच्या लाह्यांचा नवा कोरा डबा होता आणि तो एकेक लाही तोंडात घालून, न चावता, विरघळेपर्यंत जिभेवर धरून बसला होता. दिग्दर्शकाला एवढी मोठी दाद मी दुसऱ्या कोणाकडून मिळालेली पाहिली नाही.

सातारा, मल्लखांब प्रशिक्षक

मारधाडपटात मी मारणाऱ्याकडे पाहत नाही, पडणाऱ्याकडे पाहतो. मुलांना मल्लखांब शिकवण्याआधी पडायला शिकवावे लागते : हनुवटी छातीशी, श्वास सोडलेला, जमिनीला आधी खांद्याची मागची बाजू लागली पाहिजे, हाताचा पंजा कदापि नाही. बहुतेक चित्रपटांत हे तपासताच येत नाही, कारण उडी एका तुकड्यात असते, पडणे दुसऱ्या तुकड्यात आणि मध्ये कॅमेरा हलवून सगळे झाकलेले असते. 'जॉन विक : चॅप्टर ४' याला अपवाद आहे. त्याचा दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की मूळचा स्टंट करणारा. 'द मॅट्रिक्स'मध्ये तो किआनू रीव्हजचा डमी होता. त्यामुळे कॅमेरा कुठे मागे घ्यायचा आणि किती वेळ थांबायचा, हे त्याला अंगानेच कळते.

पॅरिसमधल्या साक्रे-कर चर्चकडे जाणारा २२२ पायऱ्यांचा जिना नायकाला सूर्योदयापूर्वी चढून जायचा असतो. मारेकऱ्यांना तोंड देत तो बराच वर पोहोचतो आणि तिथे बसलेल्या एका लाथेने थेट तळाशी येतो. ते घरंगळणे इतके लांबते की प्रेक्षक आधी हळहळतात, मग चक्क हसू लागतात, आणि तरीही तो घरंगळतच असतो. मी मात्र कोपर कुठे जाते आणि मान कशी वळते, ते पाहत होतो. खरा माणूस, खरी पायरी, खरे वजन. पुन्हा पहिल्या पायरीवर पाय ठेवताना त्याच्या गुडघ्यात जो जडपणा दिसतो, तो सरावाच्या शेवटच्या अर्ध्या तासात मी रोज पाहतो.

आक्षेपही नोंदवतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी हाच माणूस हॉटेलच्या गच्चीवरून रस्त्यावर कोसळूनही जिवंत राहतो, आणि गोळ्या अडवणारा कोट अंगावर असला की त्याला काहीच लागत नाही. ज्याला वरून पडून काही होत नाही, त्याने पायऱ्यांवरून घरंगळल्याचे दुःख मी का मानावे? १६९ मिनिटांपैकी तासभर तरी मी याच विचारात होतो. जिन्याने मात्र मला परत जिंकले.

कुलाबा, मुंबई

'टेनेट'चे काही चित्रीकरण २०१९ च्या सप्टेंबरात आमच्या दक्षिण मुंबईत झाले होते, त्यामुळे तो पाहणे हे जवळजवळ कर्तव्य होते. भारतात तो २०२० च्या डिसेंबरात लागला. एक आसन सोडून बसायचे, तोंडावर मास्क. पडद्यावरची पात्रेही कित्येक प्रसंगांत मुखवटे घालून बोलत होती, आणि पार्श्वसंगीताच्या दणदणाटात त्यांच्या संवादांतले मला निम्मेही कळले नाही. नायक दोराच्या झटक्यासरशी खालून वर इमारत चढतो, तेव्हा शिट्ट्या वाजल्या. डिंपल कापडिया दिसल्यावर त्याहून जास्त. विमान गोदामात घुसण्याच्या दृश्यासाठी खरे जुने बोइंग ७४७ वापरले आहे. ते संथपणे, एखाद्या म्हाताऱ्या हत्तीसारखे भिंतीत शिरते, आणि संगणकाने काढलेले कोणतेही विमान इतक्या अनाकर्षकपणे आदळले नसते. मला तेच आवडले. या चित्रपटात काळ उलटा कसा वाहतो, ते विचारू नये.

न्यूयॉर्क, मूळची सोलापूरची

'सिनर्स' मी २०२५ च्या एप्रिलमध्ये लिंकन स्क्वेअरच्या मोठ्या पडद्यावर, ७० मिलिमीटरच्या फिल्मवर पाहिला. रायन कूग्लरचा हा रक्तपिपासूंचा चित्रपट १९३२ च्या मिसिसिपीत घडतो. शिकागोहून परतलेले जुळे भाऊ (दोन्ही भूमिका मायकल बी. जॉर्डनच्या) जुन्या गिरणीत कृष्णवर्णीयांसाठी नाचगाण्याचा अड्डा उघडतात, आणि त्यांचा तरुण चुलतभाऊ तिथे ब्लूज हे कृष्णवर्णीयांचे संगीत गातो. जवळजवळ पहिला अर्धा भाग भयाचे नावही निघत नाही. मासळी विकत घेणे, पाटी रंगवून घेणे, वादक गोळा करणे हेच चालते. माझ्यासोबतच्या मैत्रिणीने दोनदा घड्याळ पाहिले. मला मात्र तो वेळ आवश्यक वाटला, कारण ज्यांची रोजी-रोटी आपण पाहिली, त्यांच्याच मानेवर दात पडल्याचे दुःख होते.

मग तो मुलगा गाऊ लागतो, आणि त्याच्या आवाजाने गेलेले आणि अजून न जन्मलेले असे दोघेही त्या गिरणीत येऊन उभे राहतात : आफ्रिकेतले नर्तक, विजेची गिटार वाजवणारा, तबकड्या फिरवणारा, किराणा दुकान चालवणाऱ्या चिनी जोडप्याच्या मागे त्यांच्या संगीतनाटकातली पात्रे. पडद्यावरील चित्राची चौकट रुंदच्या रुंद होती, ती वर-खाली उघडत जाते. आमच्या घरी लग्नानंतर गोंधळ घातला जायचा, तेव्हा दिवटीच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर गोंधळी एकेका ठाण्याच्या देवाला नाव घेऊन 'गोंधळा ये' म्हणून बोलवायचे, आणि सातव्या-आठव्या वर्षी मला खरोखर वाटायचे की अंगणात दाटी होत चालली आहे. ती दाटी मी पस्तीस वर्षांनी मॅनहॅटनमध्ये अनुभवली. बोलावल्यावाचून उंबरठा ओलांडता न येणारा पिशाच्च बाहेर उभा राहून हेच ऐकत असतो, आणि त्याला रक्ताइतकीच त्या आवाजाची भूक आहे, ही कल्पना तर फारच नेमकी आहे. शेवटची हाणामारी त्या मानाने घाईने उरकली आहे. एवढे सावकाश शिजवलेले वाढताना मात्र घाई का करावी, हे मला समजले नाही.

पुणे

वरील अनुभव वाचून किंचित असूया वाटली. आमच्या नेहमीच्या पडद्यावर ती चौकट उघडली-बिघडली नाही. होती तेवढीच राहिली. गाण्याने तरीही काटा आला, हे नमूद करतो.

कोल्हापूर, निवृत्त बँक अधिकारी

इंडियाना जोन्सच्या १९८४ च्या चित्रपटाला भारतात चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही, म्हणून भारतातले गाव श्रीलंकेत उभारले गेले. त्यातला माकडाच्या मेंदूचा मेजवानीप्रसंग अपमानास्पद होता, यात वाद नाही. तरीही अमरीश पुरींचा मोलाराम आठवला की आजही अंगावर शहारा येतो, कारण त्या डोळ्यांमागे माणूस होता.

याच नायकाचा २०२३ चा पाचवा भाग, 'डायल ऑफ डेस्टिनी', मोठ्या आशेने पाहिला. सुरुवातीच्या लांबलचक प्रसंगात हॅरिसन फोर्डचा चेहरा संगणकाने तरुण केला आहे. चेहरा चाळिशीतला, परंतु आवाज ऐंशीच्या घरातल्या माणसाचा. आगगाडीच्या टपावरून तो धावतो, तेव्हा वाऱ्याने उडणारी त्याची टोपीसुद्धा मला खोटी वाटू लागली. पुढे सुरकुतलेला, चिडका, एकाकी जोन्स न्यूयॉर्कच्या खोलीत शेजाऱ्यांच्या मोठ्या आवाजातल्या गाण्यांनी जागा होतो, आणि त्या एका दृश्यात मला माझा जुना मित्र भेटला. वय झालेल्या माणसाचेच साहस दाखवले असते, तर आम्हा म्हाताऱ्यांची ना नव्हती.

नाशिक

थोडक्यात लिहितो. 'मिशन : इम्पॉसिबल – डेड रेकनिंग' मधली नॉर्वेच्या कड्यावरून मोटारसायकलसह मारलेली उडी टॉम क्रूझने स्वतः मारली, आणि ती कशी मारली याची चित्रफीत चित्रपटाच्या कितीतरी महिने आधी सर्वत्र फिरत होती. चित्रफितीत उडी घेण्यासाठी बांधलेली लाकडी-लोखंडी उतरंड दिसते, चित्रपटात तिच्या जागी संगणकाने खडक बसवला आहे. मला चित्रफीत पाहताना घाम फुटला आणि चित्रपट पाहताना मी उतरंड शोधत बसलो.

नांदेड, शिक्षिका

'जुरासिक पार्क' हिंदीत १९९४ साली आला, तेव्हा मी सहावीत होते. वडिलांनी आम्हा तिघा भावंडांना एका पडद्याच्या जुन्या चित्रपटगृहात नेले होते, आणि पेल्यातल्या पाण्यावर उठणारी वलये पाहून मी आसनाखाली पाय घेतले होते. त्या दोन तासांच्या चित्रपटात डायनासोर पंधरा मिनिटांच्या आसपासच दिसतात, हे पुढे वाचले तेव्हा विश्वास बसेना. मला तर ते सतत दिसल्याचे आठवत होते.

२०२५ साली 'जुरासिक वर्ल्ड : रीबर्थ' माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसह पाहिला. प्रयोगशाळेत बिघडलेला, बेढब कपाळाचा राक्षस शेवटी येतो, त्याने तिला जांभई आली. परंतु नदीचा प्रसंग वेगळा होता. झोपलेल्या टी-रेक्स या मांसाहारी डायनासोरपासून काही पावलांवर एक मुलगी हवेची होडी पाण्यात नेऊ पाहते आणि ती होडी फुस्स आवाज करत आपोआप फुगू लागते. हा प्रसंग मूळ कादंबरीत होता, पहिल्या चित्रपटात मात्र घेतला गेला नव्हता. होडी फुगली, पडद्यावर काठावरची जागा रिकामी दिसली, आणि माझ्या मुलीने माझे मनगट इतके घट्ट धरले की बांगडीचा वळ उठला.

त्यानंतरच्या रविवारी पोहण्याच्या तलावावर तिची रबरी चकती मी पंपाने फुगवत होते, तर तिने माझा हात धरला आणि मागे वळून पाहत म्हणाली, "आई, हळू भर ना."