'आनंदी', 'सुखी' की आणखी काही?

उंबरठा
ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या एका इंग्रजी प्रश्नावलीचा अनुवाद सध्या माझ्याकडे आहे. २० मार्चच्या आंतरराष्ट्रीय आनंद दिनाला ती भरून घ्यायची आहे. पहिलाच प्रश्न मी 'रोजच्या जगण्यात तुम्ही किती आनंदी असता?' असा लिहिला आणि छपाईला देण्यापूर्वी साताऱ्यातल्या आमच्या गल्लीतील एका आजींना वाचून दाखवला. ऐंशी उलटलेल्या त्या आजी क्षणभर थांबून म्हणाल्या, "आनंद व्हायला घरात काय कार्य निघालंय, बाई?" त्यांच्या लेखी आनंदाला बारसे, लग्न, नातवाचा निकाल असे काहीतरी निमित्त लागते. मग मी विचारले, की रोज सकाळी सडा घालून झाल्यावर तुम्ही कपबशी घेऊन पायरीवर बसता, बशीतल्या चहावर फुंकर घालत समोरच्या शेवग्यावरचे पोपट पाहत राहता, तेव्हा काय होते? उत्तर आले, "तेव्हा जीव निवतो."
उत्तरे एक ते पाच या आकड्यांत द्यायची असल्यामुळे 'जीव निवणे' तिथे बसवणे अवघड आहे, आणि 'छोटे छोटे आनंद' या शब्दांना मला अनुवादाचा वास येतो. बिननिमित्ताच्या, नित्याच्या या आनंदाला तुमच्याकडे काय म्हणतात?

अक्षरवाट
आजींच्या म्हणण्याला ज्ञानेश्वरांचा आधार आहे. 'अवघाचि संसार सुखाचा करीन । आनंदे भरीन तिन्ही लोक' या ओळीत दोन्ही शब्द शेजारी आले आहेत, पण त्यांची कामे वेगळी आहेत. संसार सुखाचा करायचा आहे, आणि आनंद मात्र तिन्ही लोक भरून उरणारा आहे. तैत्तिरीय उपनिषद तर आनंदाला थेट ब्रह्मच म्हणते. एवढा मोठा शब्द पायरीवरच्या चहाला लावला की तो अंगाला सैल होतो. तिथे 'सुख' हाच शब्द योग्य आहे. ऋग्वेदात 'सुख' हे रथाचे विशेषण म्हणून येते. 'सु' म्हणजे चांगले आणि 'ख' म्हणजे आस बसवण्याचे भोक, अशी त्याची फोड केली जाते. ते भोक नीट असले की गाडी धक्के न देता चालते. रोजच्या जगण्याचे याहून चांगले वर्णन मला ठाऊक नाही.

कोरडवाहू
व्युत्पत्ती मोहक आहे, पण 'सुख' हे 'सुस्थ' या शब्दाचे प्राकृत वळणाचे रूप असावे, असेही एक मत आहे; त्यामुळे सगळा भार त्या आसावर टाकू नये. शिवाय आजच्या मराठीत 'सुख' पैशाशी जोडले गेले आहे. 'सुखवस्तू' कोणाला म्हणतात, आणि 'खाऊनपिऊन सुखी' म्हणजे काय, हे आपण सगळे जाणतो. प्रश्नावलीत 'सुखी आहात का?' असे विचारले, तर माणूस पेन्शन आणि औषधांचा खर्च मोजू लागेल.
जालन्याकडच्या आमच्या घरी आईच्या तोंडून मी 'आनंद' हा शब्द ऐकल्याचे आठवत नाही. ती म्हणायची, "बरं वाटलं." पाव्हणे आले, बरं वाटलं, विहिरीला पाणी लागलं, लई बरं वाटलं. आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर ओट्यावर बसली की म्हणायची, "गार वाटलं जिवाला." आपले वरण निवते, डोळे निवतात, जीवही निवतो. चाळिशीपलीकडे पारा जाणाऱ्या मुलखात माणसाला सुख गारव्यातच सापडणार. अलीकडे 'उबदार स्वागत' असे छापून येते, ते मला अजूनही परके वाटते.

पाटीपेन्सिल
आमच्या वयाची माणसे दिवसातून दहा वेळा 'मजा आली' असे म्हणतात. रोजचा आनंद म्हणजे मजाच ना?

अक्षरवाट
मजा येऊन जाते, ती मुक्काम करत नाही. शिवाय हा शब्द फारसीतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ चव असा आहे. हल्ली त्याचे 'मज्जा' झाले आहे, ते तर मला मुळीच मान्य नाही. मज्जा हाडांच्या आत असते. मज्जारज्जू, मज्जासंस्था हे शब्द त्यावरूनच आले. दोन वेगळ्या अर्थांचे शब्द लेखनात तरी वेगळे ठेवायला हवेत.

कोरडवाहू
परक्या घरातून आले म्हणून शब्द कमी खोल ठरत नाहीत. 'मौज' हा अरबी शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ लाट असा आहे. आता तुकोबांचे 'आनंदाचे डोही आनंद तरंग' आठवून पाहा. अरबीतल्या लाटेला मराठी माणसाने आनंदाचा अर्थ सहज मान्य केला, याचे कारण ती प्रतिमा त्याला आधीपासून ओळखीची होती, असे मला मनापासून वाटते.
'हौस' पाहा. हिंदीतल्या 'हवस'ने वासनेचा अर्थ धरून ठेवला, आणि त्याच शब्दाला मराठीने हौसेने लुगडे नेसवले, हौसेने अंगण सारवायला लावले. शुद्धतेच्या आग्रहापायी हे शब्द गाळले, तर आमच्या आयांचे आयुष्यच गाळले जाईल.

अक्षरवाट
गाळा असे मी म्हटलेले नाही. माझा आक्षेप अर्थ पुसला जाण्याला आहे. 'खुशी'ला मराठीत मर्जी असा अर्थ आहे. 'तुझी खुशी' म्हणजे तुला वाटेल तसे कर. 'मला खुशी झाली' असे म्हणणारा हिंदी बोलत असतो. त्याने 'खुशाली'चा अर्थही हळूहळू धूसर होत जातो, याचे मला दुःख आहे.

मांडवी
आमच्या गोव्यात 'सुशेगाद' आहे, जो पोर्तुगीज 'सोसेगादु'वरून, म्हणजे 'शांत, निवांत' या अर्थाच्या शब्दावरून आला. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याला आळसाचा रंग दिला, याचा आम्हांला राग येतो. दुपारी शीतकडी, म्हणजे भात आणि आमटी, जेवून बल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, टेकलेला माणूस पहाटेपासून राबलेला असतो. त्याच्या त्या तासाभराच्या निवांतपणाला सुशेगाद म्हणावे.

ओवी
'आनंद' रोजचा शब्द झाला आहे, असे मला वाटत होते, कारण २०२२च्या दिवाळीत शासनाने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल दिले, त्याला नाव 'आनंदाचा शिधा' असे होते. पण विचार केल्यावर लक्षात आले, की रोजचे तांदूळ आणि गहू नुसतेच 'रेशन' राहिले. करंज्यांचा रवा आला, तेव्हाच त्याला आनंद म्हटले गेले. म्हणजे आजींचे निमित्त इथेही आहेच.
मला वाटते, आपण नाम शोधतो आहोत आणि मराठी हे काम क्रियापदाकडून करून घेते. निवणे, सुखावणे, हरखणे, रमणे. आणि 'करमणे' तर अगदी या प्रश्नासाठीच आहे. सासरी गेलेल्या मुलीला किंवा मुलाकडे शहरात राहायला गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपण 'आनंदी आहेस का?' असे कधीही विचारत नाही. आपण विचारतो, "करमतं का तिथं?"

उंबरठा
हे वाचून मी तशीच आजींकडे गेले. "तुम्हांला करमतं का?" असे विचारल्यावर त्या प्रथमच प्रश्नाच्या उत्तराला लागल्या. सकाळ कशी जाते, दुपार कशी जात नाही आणि संध्याकाळी शेजारची मुले अंगणात आली की घर कसे भरते, हे त्यांनी सविस्तर सांगितले. आकडा मात्र दिला नाही.

अक्षरवाट
तरीही मला हा शब्द पुरेसा वाटत नाही. 'करमणे' मला 'कालक्रमणे'च्या घरातले वाटते, म्हणजे त्यात वेळ जाणे आहे, सुख नाही. आणि आपण तो बहुतेक वेळा नकारातच वापरतो: करमत नाही, करमेना. नुसते 'करमते' म्हणणाऱ्या माणसाचा एकटेपणा तेवढा टळलेला असतो.

ओवी
ऐंशीव्या वर्षी एकटेपणा टळणे याला तुम्ही सुख म्हणणार नाही का?

मांडवी
'रमणे'बद्दलही सांगायला हवे. मुलगी सासरी रमली असे आपण म्हणतो, त्या वाक्यात माहेर मागे पडल्याची छटा असते. आजींना 'तुमचा जीव कशात रमतो?' असे विचारताना ती छटा दुखावणार तर नाही ना, एवढे पाहावे.

पाटीपेन्सिल
माझी आजी नागपूरची आहे आणि ती 'मजा आला' असे पुल्लिंगी म्हणते. हे हिंदीमुळे झाले, की तिकडे आधीपासून असेच म्हणतात?