अनुभव धागा : मोटार-शर्यत प्रत्यक्ष पाहायला गेलेल्या बडोदेकरांनो, तयारी कशी केलीत?

मी वाडीत राहते. माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. १९९४ साली इटलीत इमोलाच्या शर्यतीत फॉर्म्युला वनचा चालक आयर्टन सेना अपघातात वारला, त्या वेळच्या वर्तमानपत्रातलं कात्रण त्यांनी एका वहीत चिकटवलं आणि तेव्हापासून ती वही वाढतच गेली आहे. फॉर्म्युला वन त्यांनी जन्मभर टीव्हीवरच पाहिली. यंदा हंगामाची शेवटची शर्यत पाहायला त्यांना अबुधाबीला न्यायचं माझ्या मनात आहे. गुडघे दुखतात, म्हणून भाऊ म्हणतो, "घरीच बरं दिसतं की." ज्यांनी कुठलीही शर्यत प्रत्यक्ष पाहिली आहे, त्यांनी कृपया लिहा. जागा कशी निवडलीत, पोहोचलात कसे, काय चुकलं? सगळं हवं आहे.

दांडिया बाजारकर

मी २०११ ची पहिली इंडियन ग्रां प्री, म्हणजे भारतातली फॉर्म्युला वनची शर्यत पाहिली आहे, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. शुक्रवार २८ ऑक्टोबरला प्रॅक्टिस (शर्यतीआधीचा सराव) आणि त्याच दिवशी भाऊबीज! ताईने पाडव्यालाच ओवाळलं आणि रात्री मी राजधानी पकडली. सकाळी दिल्लीत उतरून सर्किटवर पोहोचेपर्यंत पहिली प्रॅक्टिस संपलीसुद्धा. ट्रॅकवर कुत्रं शिरल्याने ती मध्येच थांबवावी लागली होती, ते मला नंतर कळलं. म्हणून पहिला सल्ला हा की गुरुवारीच मुक्कामाला पोहोचा.

जागा मी चौथ्या वळणाजवळ घेतली होती. तिथे एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता संपतो आणि गाड्या तीनशेच्या वरच्या वेगातून एकदम ब्रेक मारतात. मुख्य स्टँडपुढून गाडी क्षणात निघून जाते. वळणाजवळ ती हळू होते, चालकाचं हेल्मेट हलताना दिसतं, कोण कुठून आत घुसतोय ते समजतं. मासा आणि हॅमिल्टन या चालकांची टक्कर पुढच्याच, पाचव्या वळणावर झाली. आमचा अख्खा स्टँड उभा राहिला होता.

आवाजाबद्दल मात्र कितीही लिहिलं तरी कमीच. तेव्हा २.४ लिटरची आठ सिलिंडरची (व्ही-एट) इंजिनं होती, मिनिटाला १८,००० फेरे. कानात कापूस घालून गेलो होतो, त्याचा काही उपयोग झाला नाही. २०१४ पासून १.६ लिटरची टर्बो हायब्रिड (पेट्रोलसोबत विजेचीही जोड असलेली) आली, त्यांचा आवाज कमी आहे, तरी बाबांसाठी फोमचे इअरप्लग नक्की घ्या. आणि त्या आवाजाइतकीच लक्षात राहिली ती शर्यतीआधीची शांतता. त्याच महिन्यात मोटार-शर्यतपटू डॅन व्हेल्डन आणि मोटरसायकल-शर्यतपटू मार्को सिमोन्चेली शर्यतीतल्या अपघातांत वारले होते. त्यांच्यासाठी एक मिनिट सगळे उभे राहिले. एवढी माणसं आणि पूर्ण शांतता. आजही अंगावर काटा येतो.

चूक सांगायची तर परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढलं होतं. शर्यत संपली साडेचारच्या सुमारास, पण गर्दीतून रस्त्यावर येईपर्यंत सात वाजले. गाडी गेली. परतीचा प्रवास सोमवारीच ठेवा.

फतेहगंजची (तेव्हा एमएसयूत, म्हणजे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकत होते)

मी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याच सर्किटवर मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची शर्यत पाहिली. २२ तारखेला घरी गौरीपूजन होतं आणि मी दिल्लीत. आईने परवानगी दिली, पण फोनवर आरती ऐकताना मला रडू आलं. ताई, तारखा ठरवताना घरचं कॅलेंडर शेजारी ठेवा.

आम्ही चार मैत्रिणी होतो. मेट्रोने परी चौकापर्यंत जाऊन पुढे टॅक्सी केली. उन्हाने आमचे फार हाल केले. शनिवारी पाऊस आला, रविवारी पुन्हा चटके. उष्णतेमुळे मुख्य शर्यतीच्या फेऱ्या २४ वरून २१ केल्या होत्या. बेझेक्की जिंकला आणि दुसरा आलेला मार्टिन शर्यत संपल्यावर अंगातलं पाणी कमी होऊन कोसळला. इतका तयारीचा माणूस असा पडतो, मग पत्र्यासारख्या तापलेल्या खुर्चीवर बसणाऱ्यांचं काय! ओआरएसची पाकिटं, टोपी आणि छप्पर असलेली जागा यांत काटकसर करू नका.

मकरपुरा जीआयडीसी

माझं वर्कशॉप आहे. परदेशी जाण्याआधी एकदा चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला राष्ट्रीय स्पर्धेची फेरी पाहून या, असं मी सगळ्यांनाच सांगतो. नवजीवन एक्स्प्रेस बडोद्याहून थेट चेन्नईला जाते. ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, गर्दी बेताची. मेकॅनिक पोरं टायर बदलताना, सेटिंगवरून वाद घालताना जवळून दिसतात. बाविशीतला एक मुलगा गिअरबॉक्स उघडून बसला होता. मी दोन तास त्याच्याजवळून हललो नाही. पेट्रोल आणि जळक्या रबराचा तो वास टीव्हीतून येत नाही.

गोत्रीहून

हैदराबादची फॉर्म्युला ई, ११ फेब्रुवारी २०२३. हुसेनसागराच्या काठी, शहराच्या रस्त्यांवर. क्वालिफायिंग (कोण कितव्या जागेवरून सुरू करणार ते ठरवणारी फेरी) आणि शर्यत एकाच शनिवारी, त्यामुळे रजा कमी लागली. जाँ-एरिक वर्न्य जिंकला. विजेवरच्या गाड्या असल्याने शेजारच्याशी बोलता येत होतं, माझ्या सहा वर्षांच्या लेकीला ते सोसलं. रस्त्यावरच्या ट्रॅकला जाळ्या उंच असतात, पहिल्या रांगेतून जाळीच दिसते. वरची रांग घ्या.

प्रतापनगरच्या काकू

बाळ, तू अबुधाबीचं विचारतेस म्हणून सविस्तर लिहिते. आमची लेक शारजाला असते. २०२१ च्या डिसेंबरात आम्ही दोघं गेलो होतो. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. जावयांनी उत्तरेकडच्या स्टँडची तिकिटं काढली, पाचव्या वळणासमोरची, जिथे रस्ता हेअरपिनसारखा एकदम उलटा फिरतो. मला त्यातलं काही कळत नव्हतं. शुक्रवारी प्रॅक्टिस पाहताना ह्यांनी समजावलं, तेव्हा रविवारी मला समजलं. म्हणून तिन्ही दिवस जा, पण बाबांना शुक्रवारी दोन तासच बसव.

शर्यत तिथल्या पाच वाजता सुरू होते, म्हणजे आपले साडेसहा. उजेडात सुरू होते आणि दिव्यांत संपते. थंडी नसते, पण संध्याकाळी वारा सुटतो, पातळ शाल असू दे. जागा घेताना समोर मोठा पडदा दिसतो का ते आधी बघ. ५८ फेऱ्यांत आपल्यासमोर गाड्या थोड्याच वेळ असतात, बाकी सगळं पडद्यावर कळतं. शेवटच्या काही फेऱ्यांत लतीफीची गाडी धडकली, सेफ्टी कार (सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवायला लावणारी गाडी) आली, आणि पुढे काय चाललंय ते पडदा नसता तर आम्हाला उमगलंच नसतं. मग शेवटच्या फेरीत व्हर्स्टॅपनने हॅमिल्टनला मागे टाकलं ते त्याच पाचव्या वळणावर, आमच्या डोळ्यांसमोर. हे ऑपरेशनचा पाय विसरून उभे राहिले. ह्यांना असं मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

गेटपासून स्टँडपर्यंत चालणं खूप आहे. व्हीलचेअरची सोय तिकीट काढतानाच विचार, तिथे जाऊन नको. जिने चढायला लागू नयेत अशी खालची पण पडदा दिसणारी रांग माग. सर्किट आहे त्या यास बेटावर राहायला महाग पडतं. दुबईहून रोज ये-जा करायची तर एका बाजूचा दीड तास धर, शर्यतीच्या रात्री त्याहून जास्त. बाबांना ते झेपणार नाही. अबुधाबी शहरात उतरा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरली आहे का, ते आजच बघ.

धागा सुरू करणारी, वाडी

काकू, तुमचं लिहिलेलं बाबांना दोनदा वाचून दाखवलं. पासपोर्ट पाहिला, मुदत फेब्रुवारीत संपतेय, उद्या नूतनीकरणाचा अर्ज भरते. भावालाही वाचायला दिलं. तो म्हणाला, व्हीलचेअर तो ढकलेल, तीन तिकिटं काढ.

बाबांनी वहीच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने यास मरीनाचा ट्रॅक काढलाय आणि पाचव्या वळणावर फुली मारलीय. आजपासून संध्याकाळी कमाटीबागेत एक फेरी चालायला सुरुवात केलीय, आज बँडस्टँडपर्यंत गेलो. दुर्बीण न्यावी का, असं ते विचारताहेत. कुणी नेली होती का?