मदत हवी आहे : ह्युमिक आम्ल घातल्यावर पानांतले सीझियम कमी कसे झाले?

कोपरखैरणेकर
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कुंड्यांत मोहरी लावली होती. ह्युमिक आम्लासारख्या (कुजलेल्या पालापाचोळ्यातून बनणाऱ्या) सेंद्रिय पदार्थांचा चिकणमातीच्या कणांवर लेप बसतो, त्यामुळे सीझियम कणांत घट्ट अडकत नाही आणि मुळांना जास्त मिळते, असे वाचले होते. माझ्या ह्युमिक आम्लाच्या कुंड्यांत मात्र पानांतले सीझियम साध्या कुंड्यांपेक्षा बरेच कमी भरले. सोमवारी मार्गदर्शकांना कारण सांगायचे आहे. ‘अजून वाचन करा’ हे उत्तर कृपया नको.

लाल माती, ऐरोली
माती कोणती, तिचा सामू (पीएच) किती, आम्ल कोणते, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. किरणोत्सारी सीझियम-१३७ वापरले असेल, तर परवानगीचे काय?

घोडबंदरवाला
सायट्रिक आम्ल घालून पाहा. त्यामुळे मोहरीच्या पानांत युरेनियम कित्येक पटींनी वाढते, हे १९९८ पासून माहीत आहे.

लाल माती, ऐरोली
ते युरेनियमचे झाले. युरेनियमचा युरेनिल आयन सायट्रेटशी संयुग करून मातीतल्या पाण्यात उतरतो; सीझियमचा एकभारी आयन अशा आम्लांना जवळजवळ दाद देत नाही.

घोडबंदरवाला
अमेरिकेत ओक रिज येथे पुरलेल्या किरणोत्सारी कचऱ्यातले कोबाल्ट-६० ईडीटीए या धातूंना धरून ठेवणाऱ्या सेंद्रिय संयुगामुळे पसरले, हे १९७८ मध्येच दाखवले गेले. सेंद्रिय संयुगे किरणोत्सारी मूलद्रव्यांना वाट करून देतात, हे मान्य करायला हरकत नसावी.

लाल माती, ऐरोली
कोबाल्टपुरते मान्य. प्रश्न सीझियमचा आहे.

गच्चीवरची बाग, वाशी
आमच्या गच्चीवरून खाडीपलीकडचे ट्रॉम्बेचे अणुसंशोधन केंद्र दिसते. गांडूळखतावर वाढवलेल्या पालकात किरणोत्सार असतो का?

लाल माती, ऐरोली
पोटॅशियम-४० प्रत्येक भाजीत असतेच. बाकीच्या चर्चेसाठी कृपया वेगळा धागा काढावा.

कोपरखैरणेकर
किरणोत्सारी काही नाही. साधे सीझियम क्लोराइड आहे, कारण मातीत आणि रोपात साध्या आणि किरणोत्सारी सीझियमची रासायनिक वागणूक सारखीच असते. माती पारसिकच्या पायथ्याची, सामू ५.८. आम्ल खताच्या दुकानातले काळे द्रावण आहे, बाटलीवर ‘पोटॅशियम ह्युमेट’ असे छापले आहे.

लाल माती, ऐरोली
मग कारण बाटलीवरच छापलेले आहे. मुळे सीझियमला पोटॅशियमच्याच वाटेने आत घेतात. पोटॅशियम मुबलक झाले की सीझियमचा वाटा घटतो. २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर फुकुशिमाच्या भातखाचरांत याच कारणासाठी पोटॅशियम खत टाकण्यात आले. ह्युमिक आम्लाचा स्वतःचा परिणाम पाहायचा असेल, तर तेवढेच पोटॅशियम क्लोराइडच्या रूपात घातलेल्या कुंड्याही हव्यात.

कोपरखैरणेकर
सोमवारपर्यंत मोहरी कशी वाढवू?

लाल माती, ऐरोली
मोहरी नको. कुंड्यांतली माती टाकली नसेल, तर अमोनियम ॲसिटेटने दोन्ही प्रकारच्या मातीतले पोटॅशियम काढा आणि फ्लेम फोटोमीटरवर मोजा. एका दिवसात होईल.

घोडबंदरवाला
अमोनियम फक्त प्रयोगशाळेत वापरा, कुंडीत नको. तो सीझियमला कणांवरून हुसकावतो आणि मग आकडे उलट दिशेने जातील.