मदत हवी आहे: हॉलमधल्या वायरींचा गुंता घरातल्याच वस्तूंनी कसा आवरू?

नमस्कार मंडळी,

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रविवारी ती वॉकरसह आमच्याकडे राहायला येतेय. बाथरूमकडे जायची वाट टीव्हीच्या पुढूनच जाते आणि वायरींचा सगळा गुंता नेमका तिथेच आहे. टीव्ही, सेटटॉप बॉक्स, राउटर, दोन चार्जर आणि टेबलफॅन, सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. परवा केर काढताना झाडू अडकून राउटर खाली आला. आईचा वॉकर अडकला तर काय, हेच सारखं डोक्यात येतं.

घर भाड्याचं, त्यामुळे भिंतीला खिळा किंवा पट्टी मारता येत नाही. रबरबँड लावून पाहिले, ते उन्हाळ्यात वितळून वायरींना चिकटले. सुतळीच्या गाठी सुटेनात, आणि कात्रीने कापायला गेले तर वायरच कापली जाईल अशी धास्ती. टूथपेस्टच्या रिकाम्या खोक्यात मात्र चार्जरची जास्तीची वायर छान बसली.

आता बोर्ड बुटांच्या खोक्यात ठेवून वर झाकण लावावं म्हणतेय. चालेल का? आणि पंख्याची लांब वायर गुंडाळून बांधली तर ती तापते का?

प्रतिसाद १
ताई, मी वायरमन आहे. बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंडू नका. अ‍ॅडाप्टर गरम होतात, त्यांना हवा लागते, आणि पुठ्ठा पेटतो. फरशी पुसताना पाणी जाईल असा जमिनीवरही नको, टेबलाच्या मागच्या फळीवर उघडाच ठेवा. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची, बोर्ड 6 अँपिअरचा, म्हणजे जेमतेम 1380 वॅटपर्यंत भार. तुमची यादी त्याच्या पुष्कळ आत आहे. पंख्याची वायर सैल वेटोळं करून बांधलीत तर काही होणार नाही. पण इस्त्री किंवा हीटर या बोर्डावर लावू नका. जास्त भार घेणारी वायर गुंडाळलेली असली की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचं प्लास्टिक वितळतं. सतरंजीखालूनही वायर नेऊ नका, दबून कुठे सोलली गेली तर दिसतसुद्धा नाही.

प्रतिसाद २
परकराची जुनी नाडी वापरून बघ गं. सुती असते, चिकटत नाही आणि फुलाची गाठ एका ओढीत सुटते. मी टेबलाच्या पायाला वायरी नाडीनेच बांधल्यात, वीतभर अंतरावर एकेक गाठ. फाटक्या दप्तराचं वेल्क्रो असेल तर तेही कापून ठेव. आणि सोडवायला बसशील तेव्हा आधी सगळे प्लग काढ, मोकळं टोक धरून एकेक वायर बाहेर काढ, मधेच ओढू नकोस. जुन्या लग्नपत्रिकेचे तुकडे कापून नावं लिहून प्रत्येक पिनेजवळ अडकव. नाहीतर पंखा बंद करायला जाशील आणि राउटर बंद होईल.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. आज दुपारी दोन तास बसले. बांधायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की वाट आडवी ओलांडणारी वायर एकट्या पंख्याचीच होती. पंखा समोरच्या भिंतीच्या सॉकेटवर नेला आणि वाट मोकळी झाली. बाकीच्या वायरी नाडीने टेबलाच्या मागच्या पायाला बांधल्या. वॉकर शेजारच्या काकूंकडून आणून चालवून पाहिला, कुठेही अडकला नाही.

एकच राहिलंय. रबराचा काळा चिकटा वायरींवर तसाच आहे. रॉकेलने पुसू का?

प्रतिसाद १
रॉकेल नको, थिनरही नको, प्लास्टिक खराब होतं. प्लग काढून साबणाच्या पाण्यात फडकं घट्ट पिळून घ्या आणि हलक्या हाताने पुसा, पिनेला पाणी लावू नका. वायर पूर्ण वाळली की मगच प्लग लावा. पुसताना वायर कुठे तडकलेली दिसली तर चिकटपट्टी लावून चालवू नका, ती वायर बदलूनच घ्या.